पंख्याचे पाते आणि नांगराचा फाळ

आपल्याकडे इतिहास लिहिताना 'बांधले कुणी' हे आवर्जून लिहितात. 'डागडुजी केली कुणी' हे सहसा कुणी लिहीत नाही. शाळेत इतिहास शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, पण दुरुस्ती करणाऱ्या माणसावर एक धडा कधी पुस्तकात आला नाही. वास्तविक आपला जुना गावगाडा दुरुस्तीवरच चालायचा. लोहाराला बलुते मिळायचे ते काही रोज नवा नांगर घडवला म्हणून नव्हे. नवी वस्तू वर्षा-दोन वर्षांतून एखादी. त्याचे बाराही महिन्यांचे काम म्हणजे झिजलेला फाळ, बोथटलेली पहार, खालेली कुदळ 'शेवटून' देणे. म्हणजे उरलेल्या लोखंडाला भट्टीत लाल करून पुढे नवा तुकडा बसवायचा, ठोकून एकजीव करायचा, पाणी द्यायचे. सुगीला खळ्यावर जे धान्य त्याच्या पदरात पडे, ते या कामाचे. जात्याला टाकी लावणाऱ्या बायका दारोदार हाळी देत फिरायच्या, तोही त्यातलाच प्रकार. दगड दगडावर घासून गुळगुळीत झाला की त्याला पुन्हा खरखरीत करायचे.

ही सगळी प्रस्तावना एवढ्यासाठी, की आज मला भोसरी-चाकण पट्ट्यातल्या एका कामाविषयी लिहायचे आहे आणि ते काम या 'शेवटण्या'चेच आजचे रूप आहे असे माझे मत आहे. कारखान्यांच्या मोठाल्या पंख्यांची झिजलेली चक्रे, ज्यांना सगळेजण 'इंपेलर' म्हणतात, ती दुरुस्त करण्याचे काम.

आधी पंखा म्हणजे काय ते सांगतो, कारण 'पंखा' म्हटले की आपल्या डोळ्यासमोर छताचा उषा नाहीतर खेतान येतो! बॉयलरला दोन पंखे लागतात. एक बाहेरची हवा भट्टीत ढकलतो आणि दुसरा भट्टीतला धूर ओढून चिमणीकडे पाठवतो. हा दुसरा, ओढणारा, त्याला कारखान्यात 'आयडी फॅन' म्हणतात. गोगलगाईच्या शंखासारखे पत्र्याचे कवच, आत दोन तबकड्यांच्या मध्ये उभी पाती बसवलेले चक्र. धूर मधून आत शिरतो आणि फिरत्या पात्यांनी कडेला भिरकावला जातो. ही केंद्रोत्सारी पंख्याची कल्पना १८३२ साली रशियातल्या साब्लुकोव्ह या लष्करी अभियंत्याने प्रत्यक्षात आणली असे मानतात. त्याच्याही आधी, १५५६ साली छापलेल्या अॅग्रिकोलाच्या खाणविद्येवरच्या ग्रंथात खाणीत हवा खेळवणाऱ्या लाकडी पंख्यांची चित्रे आहेत. तेव्हा कल्पना जुनी. पण लाकडी पंख्यातून जात होती ती नुसती हवा. आमच्या आयडी फॅनमधून जाते ती राख मिसळलेली हवा, आणि सगळे रामायण त्या राखेचे आहे.

राखेत सिलिका असते, म्हणजे वाळूचेच भावंड. खनिजांच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर हिरा दहा धरला तर क्वार्ट्झ सात येतो. साधे पोलाद त्याच्या बरेच खाली. आता वेग बघा. दीड मीटर व्यासाचे चक्र मिनिटाला हजार फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला साडेअठ्ठ्याहत्तर मीटर होतो, म्हणजे ताशी सुमारे २८० किलोमीटर. एवढ्या वेगाने वाळूचे कण पात्याला भेटतात, दिवसरात्र, महिनोन् महिने. आणि झीज वेगाच्या प्रमाणात सरळ वाढत नाही. वेग दुप्पट झाला की झीज साडेपाच ते आठ पट होते. १९६० साली इयान फिनी या संशोधकाने याचे गणित मांडले. त्यातली एक गोष्ट मला फार गमतीची वाटली. साध्या, लवचिक पोलादाला कण समोरून आदळला तर त्रास कमी. तिरका, पंधरा-वीस अंशांनी घसटून गेला तर तो सुतारकाम केल्यासारखा धातूची कपची काढतो. काचेसारख्या ठिसूळ पदार्थाचे नेमके उलटे, त्याला समोरचा आघात बाधतो. म्हणून पात्याच्या कुठल्या भागाला काय लेप द्यायचा हे कण तिथे कुठल्या कोनाने येतात त्यावर ठरते. भोसरीतल्या वेल्डरने फिनीचे नावही ऐकलेले नसते, पण झिजलेले पाते पाहून तो बोट ठेवून सांगतो की धूर इथून असा वळतो.

आता आपल्या भागाचा इतिहास. १६६० साली शाहिस्तेखानाच्या फौजेसमोर फिरंगोजी नरसाळ्यांनी सुमारे दोन महिने झुंजवलेला संग्रामदुर्ग ही चाकणची जुनी ओळख, त्यानंतरची ओळख कांद्याच्या बाजाराची. कारखान्यांची गोष्ट सुरू होते पिंपरीत, १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, मग भोसरी, चिंचवड, आकुर्डी एकामागून एक भरत गेले. टेल्को आली, बजाज आली. १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. एवढा इतिहास तर आता स्पर्धा परीक्षेच्या गाईडमध्येही मिळतो. त्यात नसते ते हे, की मोठ्या कारखान्यांच्या मागोमाग जी हजारो छोटी शेड उभी राहिली, त्यांतली सगळीच काही नवे सुटे भाग करणारी नव्हती. बरीचशी मोडलेले जोडणारी होती.

झिजलेल्या पंख्यांचे काम वाढायला दोन कारणे घडली असे मी समजतो. पहिले कारण अरबस्तानातले. १९७३ च्या युद्धानंतर तेलाचा भाव पिंपाला तीन डॉलरच्या आसपास होता तो काही महिन्यांत बाराच्या घरात गेला. तोपर्यंत कित्येक कारखान्यांचे बॉयलर फर्नेस ऑइलवर चालत होते. तेलाला राख नगण्य. तेल परवडेना तेव्हा लोक कोळसा, भाताचे तूस, उसाचे बगॅस, लाकूड, जे मिळेल ते जाळू लागले आणि बॉयलर बनवणारेही तशा भट्ट्या बनवू लागले. चिंचवडची थरमॅक्स ही त्यातली मोठी. इंधन स्वस्त झाले, पण राख आली. भाताच्या शंभर किलो तुसातून वीसेक किलो राख निघते आणि त्या राखेत नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका असते! आपल्या देशी कोळशातही तीस ते पंचेचाळीस टक्के राख असते. तेलात जे वाचले त्याचा काही हिस्सा पंख्याच्या पात्यांनी भरून दिला.

दुसरे कारण कायद्याचे. १९८१ साली हवा प्रदूषणाचा कायदा झाला. चिमणीतून, भट्टीतून, शॉट ब्लास्टिंगच्या यंत्रातून सुटणारी धूळ पकडणे भाग पडले. धूळ पकडायची तर ती आधी ओढून घ्यावी लागते, आणि ओढायला पुन्हा पंखा आलाच. धूळ गाळणीच्या आधी पंखा बसवला तर तो झिजतो, नंतर बसवला तर गाळणी धड असेपर्यंत वाचतो. गाळणीच्या पिशवीला एक भोक पडले आणि महिनाभर कुणाचे लक्ष गेले नाही, की पंख्याला कळतेच.

साखर कारखान्यांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप झाले. त्यानंतर महाराष्ट्रात जिथे पाट पोचला तिथे कारखाना पोचला. आमच्या जवळचा म्हणजे कासारसाई-दारुंब्र्याचा संत तुकाराम. बगॅसची स्वतःची राख तशी थोडी, पण उसाबरोबर शेतातली माती येते, आणि पावसात तोडणी झाली तर फारच येते. ती माती भट्टीतून थेट पंख्यात. हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्यात पट्टा पडतो. त्यामुळे दुरुस्तीच्या शेडचेही पंचांग ठरलेले असते: मे ते सप्टेंबर ट्रकमधून इंपेलर येत राहतात, दसरा जवळ आला की रात्रपाळ्या, आणि हंगाम सुरू झाल्यावर येतात ती फक्त अडल्या नडल्याची. लोहाराकडेही मृगाच्या आधी फाळांची अशीच रांग लागायची.

माझा एक जुना विद्यार्थी या धंद्यात आहे. दहावीनंतर औंधच्या आयटीआयमध्ये वेल्डरचा कोर्स, मग अॅप्रेंटिस, मग भोसरीत दुसऱ्याच्या शेडमध्ये नोकरी आणि १९९८ पासून स्वतःची शेड. नाव लिहू नका म्हणाला, म्हणून लिहीत नाही. त्याच्याकडे बसून मी हे काम नीट पाहिले आहे.

इंपेलर आला की आधी धुऊन, खरवडून साफ करतात. मग तडे शोधतात. लाल रंगाचे पातळ द्रव फवारायचे, थोड्या वेळाने पुसून टाकायचे आणि वर पांढऱ्या पावडरीचा फवारा द्यायचा. तडा असेल तर आत शिरलेला लाल रंग केसासारखी रेघ होऊन वर येतो. नंतर चक्राचा डगमग मोजतात, पात्यांची जाडी मोजतात. सर्वांत जास्त झीज दोन ठिकाणी असते, पाते आणि मागची तबकडी जिथे जुळतात त्या कोपऱ्यात, आणि पात्याच्या ज्या कडेवर धूर आधी येऊन आपटतो तिथे. काही पाती अशी येतात की कडेला अक्षरशः करवतीसारखे दाते पडलेले असतात. पाते फार गेले असेल तर कापून नवे बसवतात. नवी पाती वजन करून घेतात आणि सारख्या वजनाची समोरासमोर लावतात. वेल्डिंगही एका बाजूने सरळ करत नेत नाहीत. एक टाका इकडे, दुसरा बरोबर समोर, नाहीतर उष्णतेने तबकडी पापडासारखी वाकडी होते.

मग येतो कठीण लेप. याचा इतिहास मोठा रंजक आहे. १८८२ साली इंग्लंडच्या हॅडफिल्डने मँगनीजचे पोलाद शोधले. ते ठोके खाऊन अधिक कठीण होते, म्हणून दगड फोडणाऱ्या यंत्राला उत्तम. पण राखेचा बारीक कण ठोका देत नाही, नुसता ओरबाडतो, त्यामुळे पंख्याला त्याचा फारसा उपयोग नाही. १९०७ साली अमेरिकेत एलवूड हेन्सने कोबाल्ट-क्रोमियमचा 'स्टेलाइट' धातू काढला. १९२० च्या दशकात कॅलिफोर्नियात स्टूडी बंधूंनी तेलविहिरी खोदणाऱ्या पात्यांवर वेल्डिंगने कठीण धातू चढवायला सुरुवात केली, आणि त्याच दशकात जर्मनीत क्रुपने टंगस्टन कार्बाइड बाजारात आणले. आपल्याकडे वेल्डिंगच्या कांड्या बनवणारी अडवाणी-ओर्लिकॉन १९५१ ची, तिचा कारखाना पुढे आकुर्डीला झाला. टंगस्टन कार्बाइडवाली सँडविक एशिया १९६० पासून दापोडीला. म्हणजे फाळाला पोलाद लावण्याची विद्या जगभर फिरून परत आपल्या लोकलच्या दोन स्टेशनांच्या मध्ये येऊन बसली होती.

पात्यावर आज बहुतेक क्रोमियम कार्बाइडचा थर देतात, नाहीतर असा थर दिलेल्या आयत्या पट्ट्या लावतात. या थराला गार होताना आडव्या बारीक भेगा पडतात. मी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा म्हणालो, "अरे, हे तर तडकलंय!" तो हसला. "सर, ह्या भेगा पडल्याच पाहिजेत. त्याच्यातून ताण सुटतो. फक्त त्या खालच्या पोलादात उतरता कामा नयेत." लेपातली भेग चालते आणि पात्यातली भेग चालत नाही, हा फरक करण्यातच कारागिरी आहे. आणखी एक गोष्ट त्याने दाखवली. पंखा जागेवरच वेल्ड करायची वेळ आली तर वेल्डिंगच्या परतीच्या वायरचा चिमटा थेट चक्रालाच लावायचा. चिमटा बाहेर सांगाड्याला लावला तर वीज बेअरिंगमधून वाट काढते आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर ठिणग्यांचे डाग पडतात. दुरुस्ती झकास होते आणि पंधरवड्यात बेअरिंग ओरडू लागते!

सगळ्यात शेवटी तोल. समजा, पाऊण मीटर त्रिज्येवर शंभर ग्रॅम वजन एका बाजूला जास्त झाले. शंभर ग्रॅम म्हणजे दोन लिंबे. मिनिटाला हजार फेऱ्यांना ही दोन लिंबे सुमारे ८४ किलोचा हिसका देतात, प्रत्येक फेऱ्याला एक. पंधराशे फेऱ्यांना तोच हिसका १९० किलोच्या जवळ जातो. पूर्वी शाफ्ट दोन गुळगुळीत पट्ट्यांवर ठेवून चक्र हलकेच फिरवायचे आणि जड बाजू खाली येऊन थांबते का पाहायचे. फिरत्या शाफ्टला खडू टेकवून उंचवटा शोधणारेही उस्ताद होते, स्क्रूड्रायव्हरचा दांडा कानाला लावून बेअरिंग ऐकणारेही. परंतु चक्राला रुंदी असली तर स्थिर तोल पुरत नाही, दोन्ही तबकड्यांवर वेगवेगळी दुरुस्ती लागते आणि ती फिरवल्याशिवाय कळत नाही. जर्मनीत डार्मस्टाटच्या शेंक कारखान्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच अशी यंत्रे बनवायला सुरुवात केली होती. भोसरीच्या छोट्या शेडमध्ये मात्र हे तंत्र बऱ्याच उशिरा, कंप मोजणारी हातातली यंत्रे आवाक्यात आल्यावर, पोचले.

दुरुस्तीला मर्यादा असते आणि ती सांगण्याची हिंमत लागते. दोन वर्षांपूर्वी त्याच्याकडे एक इंपेलर आला, पूर्वी कुठेतरी चार वेळा वेल्ड मारलेला. लाल रंगाच्या तपासणीत हबभोवती तडे निघाले. गिऱ्हाईक म्हणाले, हंगाम तोंडावर आहे, यंदापुरते मारून द्या. त्याने नाही म्हटले. गिऱ्हाईक इंपेलर उचलून दुसरीकडे घेऊन गेले. "सर, पैसे गेले याचं काही नाही. पण तो फुटला तर कवच फोडून बाहेर येतो. तिथे फायरमन उभा असतो." पुढे त्या इंपेलरचे काय झाले हे त्याला अजून कळलेले नाही. विचारायला फोन करावासा वाटतो आणि करवत नाही, असे म्हणाला.

या सगळ्यात एक गोष्ट मला सलते. जी सिलिका पाते खाते तीच माणसाची फुप्फुसेही खाते. १९४८ च्या कारखाना कायद्यात सिलिकोसिस हा सरकारला कळवणे बंधनकारक असलेला आजार होता. पण त्या कायद्याच्या मूळ व्याख्येत कारखाना म्हणजे विजेवर चालणारा आणि दहा किंवा अधिक कामगारांचा. पाच-सहा माणसांची शेड त्यात येतच नव्हती. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगचा धूर माणसाला कर्करोग करणारा आहे असे निश्चित ठरवले. क्रोमियमचा लेप देताना निघणारा धूर तर विशेष घातक. माझ्या विद्यार्थ्याच्या शेडमध्ये धूर ओढायला पंखा आहे, तोंडाला मुखपट्टी आहे, आणि उकाड्यात ती कोण कशी गळ्यात लटकवतो हेही मी पाहिले आहे. पात्याची जाडी दरवर्षी मोजतात. वेल्डरच्या छातीचा फोटो शेवटचा कधी काढला, हे मी विचारले तेव्हा शेडमधली दोन पोरे एकमेकांकडे बघू लागली. मागच्या दिवाळीनंतर मी पाठपुरावा करून सहाही जणांची तपासणी करवली. एकाला पुढच्या तपासण्या सांगितल्या आहेत, त्या चालू आहेत.

फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडी-चिखलीतली हजारो अनधिकृत शेड पाडली. त्यात भंगाराची गोदामे होती, आगी लावणारे उद्योग होते, इंद्रायणीत घाण सोडणारेही होते. कारवाई व्हायला नको होती असे मी म्हणणार नाही. पण त्याच गल्ल्यांत जाड पत्रा वाकवून देणारे, जुनी प्लेट शोधून देणारे, शाफ्ट टर्निंग करणारे लोकही होते, आणि सगळ्यांना एकाच मापाने मोजले गेले. माझ्या विद्यार्थ्याचा पत्रा वाकवणारा आता मंचरच्या बाजूला कुठेतरी गेला आहे. एक चक्र पूर्ण व्हायला पूर्वी चार दिवस लागायचे, आता सात लागतात.

कामही बदलते आहे. पूर्वी धूर कमी ओढायचा तर झडप मिटायचे आणि पंखा तसाच पूर्ण वेगाने फिरत राहायचा. आता मोटरचाच वेग कमी करणारे ड्राइव्ह आले आहेत, त्यामुळे झीज बरीच घटली. चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यांतून जे पंखे येतात त्यांचे दुखणे निराळेच आहे. रंगकामाच्या विभागातले पंखे झिजत नाहीत, त्यांच्यावर रंगाचे थर चढतात आणि तोल जातो. तिथे भरायचे नसते, खरवडायचे असते.

त्याच्याकडे १९९८ पासूनच्या वह्या आहेत, बाजारात मिळणाऱ्या दोनशे पानी लांब वह्या. प्रत्येक इंपेलरची एक ओळ: तारीख, गाव, येतानाचे वजन, जातानाचे वजन, कुठल्या पात्याला तडा, किती ग्रॅमची चकती कुठे लावली. काही पंखे दर तीन-चार वर्षांनी पुन्हा येतात, तेव्हा तो आधीची ओळ काढून शेजारी खूण करतो. एका साखर कारखान्याचा पंखा त्यात सात वेळा आला आहे. या वह्या मी सध्या दुपारी बसून उतरवून घेतो आहे. अकरा झाल्या, नऊ राहिल्या आहेत. २००५ च्या वहीला पावसाचे पाणी लागून शेवटची पाने चिकटली आहेत, ती वाफेवर सुटतात का ते बघायचे आहे.